भाडेकरूंसह

मराठी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या शेजारी बारीक टायपातली एक चौकट नेहमी दिसते. जाहीर नोटीस. आमच्या अशिलांनी खालील वर्णनाची मिळकत खरेदी करण्याचं ठरवलं आहे, तरी तीवर कुणाचा विक्री, गहाण, दान, वारसा, भाडेपट्टा, वहिवाट अगर अन्य कोणताही हक्क असल्यास चौदा दिवसांच्या आत कागदपत्रांसह कळवावं, नपेक्षा तसा हक्क नाही असं समजून व्यवहार पुरा केला जाईल. ज्यांना ही चौकट वाचायची सवय आहे, त्यांची नजर मधला मजकूर ओलांडून थेट मिळकतीच्या वर्णनावर जाते. तिथं सिटी सर्व्हे नंबर असतो, चतुःसीमा असते. आणि जागा गिरगाव, दादर, परळ किंवा पुण्याच्या पेठांतली असली तर बरेचदा एक शब्द असतो: 'भाडेकरूंसह'.

या शब्दानं व्यवहाराचा सगळा नूर पालटतो. रिकाम्या इमारतीचा भाव एक, भाडेकरूंसह इमारतीचा दुसरा. आणि दोहोंमधली तफावत एवढी, की नवखा खरेदीदार हरखून जातो. रस्त्याला लागून प्लॉट, स्टेशन चालत सात मिनिटांवर, आणि एवढ्यात मिळतंय? मग तो दलालाला आवाज उतरवून विचारतो, "भाडेकरूंचं काय करायचं?" दलाल मुरलेला असतो. तो म्हणतो, "ते बघू की नंतर."

ते नंतर बघायचं नसतं, हे खरेदीदाराला बहुधा खरेदीखत नोंदवून झाल्यावर कळतं. घर विकत घेतलं म्हणजे आतली माणसं ठेवायची की काढायची हे आपण ठरवू, अशी त्याची समजूत असते. जुन्या मुंबईत आणि जुन्या पुण्यात ते त्याच्याआधी कायद्यानं, आजोबांच्या नावाच्या पावतीनं आणि सौद्याच्या किमतीनं ठरवून ठेवलेलं असतं. इमारत स्वस्त मिळाली ती भाडेकरू आहेत म्हणूनच. सवलत खिशात घालायची आणि ज्याच्यापायी ती मिळाली त्यालाही घालवायचं, असा दुहेरी नफा वाटतो तितका सहज हाती लागत नाही.

मुळापासून सांगायचं तर गोष्ट पहिल्या महायुद्धापर्यंत मागं जाते. युद्धकाळात मुंबईत माणसं वाढली, बांधकाम थांबलं, भाडी भडकली. त्यावर १९१८ साली भाड्याला लगाम घालणारा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडलं. त्यानंतर आलेल्या १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच 'प्रमाणित भाडं' धरलं. कायदा तात्पुरता होता. मुदत संपत आली की वाढवायची, असं करत करत तो अर्धशतक चालला. डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की १९४०च्या दरात भाडी गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. पण कायद्याची मुदत थोड्याच महिन्यांत संपणार असल्यानं तो रद्द न करता सरकारला नवा कायदा करण्याचा इशारा दिला. त्यातून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

नव्या कायद्यानं मालकाला वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली. २००० साली शंभर रुपये भाडं असलेल्या खोलीचं, दर वर्षी चक्रवाढीनं वाढ धरली तरी, पंचवीस वर्षांनी होतं साधारण दोनशे सदुसष्ट रुपये. शेजारच्या टॉवरमधली पार्किंगची जागा एवढ्यात महिनाभर मिळायची नाही.

दुसरा बदल मोठा होता, त्याची चर्चा मात्र कमी झाली. पागडी. मालकानं परत न करण्याच्या बोलीवर एकरकमी पैसे घ्यायचे, भाडं नाममात्र ठेवायचं. पुढं भाडेकरूनं खोली दुसऱ्याला दिली तर आलेल्या रकमेतला वाटा मालकाला द्यायचा, आणि मालकानं पावती नव्या माणसाच्या नावावर करून द्यायची. रिवाजात हा वाटा साधारण एक तृतीयांश असतो. १९४७च्या कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता. सगळं शहर तो गुन्हा राजरोस करत होतं. १९९९च्या कायद्यानं त्याला कायदेशीर रूप दिलं. तेव्हापासून पागडीची खोली ही अशी चीज झाली आहे, की तिला भाड्याचं घर म्हणावं तर भाडेकरू ती विकतो, आणि मालकीचं म्हणावं तर सातबारा, मिळकतपत्रिका कशावरही त्याचं नाव नाही.

आता नव्या मालकाच्या वहीतला हिशेब पाहू. वीस खोल्यांची चाळ, प्रत्येकी सरासरी अडीचशे रुपये भाडं. महिन्याला पाच हजार, वर्षाला साठ हजार. हिशेबापुरती किंमत तीन कोटी धरली तर परतावा शेकडा वीस पैसे. मालमत्ता कर, दुरुस्ती उपकर, वसुलीला येणाऱ्या माणसाचा पगार वजा करायचा, म्हणजे हाती उणेच उरतं. तरीही अशा इमारती विकल्या जातात आणि घेणारे बहुतेक हिशेबाला पक्के असतात. ते भाड्यासाठी घेतच नाहीत. त्यांची नजर पावती-बदलातल्या वाट्यावर असते, बंद खोल्यांवर असते, आणि सगळ्यांत जास्त इमारतीखालच्या जमिनीवर असते.

बंद खोल्यांचं प्रकरण मोठं गमतीचं आहे. अनुभवी खरेदीदार इमारत बघायला जातो तेव्हा भिंतींच्या भेगांआधी कुलपं मोजतो. मुंबईच्या चाळीतला संसार वाढला की धाकटी पाती डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली, मागोमाग म्हातारीही गेली. दारावर पितळी पाटी आणि गोदरेजचं कुलूप राहिलं. कायद्यात तरतूद आहे, की जागा ज्यासाठी दिली त्यासाठी दाव्याच्या लगतच्या सलग सहा महिन्यांत, सबळ कारणाशिवाय, वापरली गेली नसेल तर मालक ताबा मागू शकतो. म्हणून नव्या मालकाचा वकील आधी विजेची बिलं मागवतो. आणि म्हणूनच डोंबिवलीकर कुटुंब गणपतीत, दिवाळीत, शिवाय अधूनमधून एखाद्या रविवारी येऊन पंखा फिरवून, दिवा लावून, शेजाऱ्यांकडं चहा पिऊन जातं. चाळीतल्या दिव्याला श्रद्धेइतकाच मीटरचाही आधार असतो.

कुलपं मोजून झाली की पोटमाळे. भाडेकरूनं मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर तेही ताबा मागण्याचं कारण ठरतं. पण कायमचं म्हणजे काय, यावर इतकी वर्षं इतके दावे चालले, की १९९९चा कायदा करणाऱ्यांनी यादीच देऊन टाकली: पालिकेची परवानगी घेऊन केलेलं लाकडी पार्टिशन, उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा, दरवाजा, जाळी, हवेसाठी पाडलेली खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं ही कामं कायमच्या बांधकामात धरू नयेत. स्वयंपाकघरातल्या ओट्याला कायद्यात जागा मिळाली. चुलीसमोर बसून करायचा स्वयंपाक उभ्यानं करावासा वाटला, एवढ्यावरून कुणाचं घर जाऊ नये, असं विधिमंडळाला लिहून ठेवावं लागलं. यावरून घरमालक-भाडेकरू भांडणांची खोली लक्षात यावी.

खरेदीनंतर काय होतं, याचं कायद्यातलं उत्तर सरळ आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२चा. त्याचं कलम १०९ सांगतं, की भाड्यानं दिलेली जागा विकली तर घेणारा जुन्या मालकाच्या जोड्यात पाय घालतो. भाडेपट्टा मोडत नाही. मालकाचं फक्त नाव बदलतं. त्यासाठी भाडेकरूची संमती लागत नाही आणि नवा करारही लागत नाही. दोन बारीक गोष्टी मात्र खरेदीदाराला नंतर टोचतात. एक, विक्रीच्या आधीची भाड्याची थकबाकी त्याला आपोआप मिळत नाही. ती हवी असेल तर खरेदीखतात तसं स्वतंत्रपणे लिहून घ्यावं लागतं. दुसरी, घर विकल्याचं माहीत नसताना भाडेकरूनं भाडं जुन्या मालकाला दिलं, तर तेच भाडं नव्या मालकाला पुन्हा मागता येत नाही. शहाणे वकील म्हणूनच खरेदीच्या दिवशीच जुन्या आणि नव्या मालकाच्या सहीचं पत्र प्रत्येक खोलीवर पोस्टानं पाठवायला लावतात.

पत्र मिळालं की चाळीत बैठक बसते. कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून जागा केली जाते. नवा मालक कोण, बिल्डर आहे का, कुणाचा माणूस, भाडं कुणाकडं भरायचं. चाळीत एक तरी निवृत्त हेडक्लार्क असतोच. तो सांगतो, भाडं थांबवायचं नाही. त्याचं बरोबर असतं. भाडेकरू प्रमाणित भाडं देत असेल किंवा द्यायला तयार असेल तोवर त्याला थकबाकीच्या कारणानं काढता येत नाही. मालकानं लेखी मागणी केल्यावर नव्वद दिवस मिळतात. दावा दाखल झालाच तर समन्स लागल्यापासून आणखी नव्वद दिवसांत सगळी थकबाकी पंधरा टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरून भाडेकरू सुटू शकतो. भाडं घ्यायला नकार देऊन भाडेकरूला थकबाकीदार ठरवायचा जुना डाव आता चाळीतल्या पोरांनाही पाठ आहे. त्यामुळं मालकानं न स्वीकारलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या कित्येक घरांत देव्हाऱ्याखालच्या खणात, रेशनकार्डाशेजारी जपून ठेवलेल्या असतात.

उरते मालकाची स्वतःची गरज. 'मला राहायला हवी आहे' हे कारण कायद्यात आहे. पण ती गरज खरी आणि रास्त आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि त्यानंतरही न्यायाधीश तराजू काढतात. ताबा दिला तर भाडेकरूला किती त्रास, न दिला तर मालकाला किती? दोन्ही पारडी पाहून जागेच्या एका भागापुरताही हुकूम देता येतो. जो माणूस भाडेकरू आहेत हे पाहून, त्यामुळं स्वस्तात घर घेऊन, लगेच गरज सांगतो त्याच्याबद्दल कायदे करणाऱ्यांना संशय होताच. दिल्लीच्या भाडे नियंत्रण कायद्यानं खरेदीतून मालक झालेल्याला या कारणावरून पाच वर्षं दावाच लावू दिला नाही. उत्तर प्रदेशच्या १९७२च्या कायद्यात ही मुदत तीन वर्षांची होती.

आणि वेळ. मुंबईत असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात; धोबी तलावाच्या त्या इमारतीत वकिलांच्या दोन-दोन पिढ्या एकाच खोलीसाठी उभ्या राहिल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका खटल्यात मुलाच्या दवाखान्यासाठी जागा मागणाऱ्या मालकाला निकालापर्यंत तेवीस वर्षं लागली. तोवर मुलगा सरकारी वैद्यकीय सेवेत जाऊन ठिकठिकाणी बदल्या भोगत होता. भाडेकरूचं म्हणणं असं, की आता गरजच उरली नाही. २००१ साली न्यायालयानं मालकाच्या बाजूनं निकाल दिला: गरज अर्जाच्या दिवशी होती की नाही ते पाहायचं, कोर्टाच्या संथपणाची शिक्षा मालकाला नको. निकाल मालकाचा लागला हे खरं, पण तेवीस वर्षांची तजवीज खरेदीच्या हिशेबात कोण धरतो?

तेवढा धीर नसलेले दुसरा रस्ता पाहतात. दुरुस्तीच करायची नाही. भाडं अडीचशे, आणि संडासाचा एक पाइप बदलायचा तर वर्षभराच्या वसुलीची माती. मालक हात वर करतो, आणि हात वर करणं सोयीचंही असतं. जिना कुजला तर माणसं आपणहून जातील. सईद अख्तर मिर्झा यांचा १९८४चा 'मोहन जोशी हाजिर हो' आठवतो? दुरुस्तीसाठी मालकाविरुद्ध कोर्टात गेलेलं म्हातारं जोडपं, मोहन जोशींच्या भूमिकेत भीष्म साहनी. चाळीस वर्षं लोटली, पण त्यातला टेकू लावलेला गॅलरीचा कोपरा आजही गिरगावात हमखास सापडतो.

शेवटी पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते. आता भाडेकरूच उरणार नाहीत, असं समजून काही मालक सुटकेचा श्वास टाकतात. तो फसवा आहे. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात पालिकेनं इमारत पाडल्यावर भाडेकरूचा हक्क संपला का, असा प्रश्न उभा राहिला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी २०१४ साली सांगितलं, की नाही. भाडेपट्ट्यात जमीनही असते. भिंती पडल्या तरी जमीन शिल्लक आहे, आणि तीवर भाडेकरूचा हक्कही शिल्लक आहे. पुण्यात दर पावसाळ्याआधी पेठांतल्या मोडक्या वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा लागतात. कित्येक वाड्यांत वाटेकरी मालक डझनभर, भाडेकरू दीड डझन, प्लॉट बोळकंडीएवढा. मागचा सोपा पडून गेलेला असतो आणि पुढच्या सोप्यात सायकल दुरुस्तीचं दुकान चालूच असतं. असा वाडा घेणाऱ्याला आधी पुरुषभर उंचीचे वंशवृक्ष वाचावे लागतात, मग भाडेकरूंची यादी.

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल, भाडेकरू म्हणजे निव्वळ बोजा. मुंबई बेटावर हा हिशेब उलटा फिरतो, आणि नवखा खरेदीदार सगळ्यांत जास्त चुकतो तो इथं.

१९६९च्या कायद्यानं बेटावरच्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसवला. तेव्हा मोजलेल्या अशा इमारती होत्या १९,६४२. त्या आज 'उपकरप्राप्त' म्हणून ओळखल्या जातात, आणि विकास नियंत्रण नियमांतल्या ३३(७) नुसार त्यांचा पुनर्विकास होतो. प्रत्येक पात्र निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं मालकीचं घर फुकट द्यायचं आणि त्या बदल्यात मालकाला किंवा बिल्डरला विक्रीसाठी जादा चटई क्षेत्र मिळतं. हे जादा क्षेत्र भाडेकरूंच्या पुनर्वसनाला किती जागा लागली त्यावर ठरू शकतं. म्हणजे ज्यांच्यामुळं सौद्याची किंमत उतरली, त्यांच्याच डोक्यांवर मजले चढतात. पैसे मोजून दहा खोल्या रिकाम्या करून घेणारा मालक कधी कधी आपलंच बांधकाम कापून घेतो. बरं, मग नवे भाडेकरू बसवावेत? तेही चालत नाही. १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेले भाडेकरू या हिशेबात धरले जात नाहीत. खरेदीच्या वेळी 'भाडेकरू किती' याहून 'म्हाडाच्या प्रमाणित यादीत किती' हा प्रश्न महाग असतो. त्यात निम्म्याहून अधिक भाडेकरूंच्या संमतीची अट. ज्यांना घालवायचं मनात होतं त्यांच्याच सह्या घेत मालक खोलीखोलीत पेढे घेऊन फिरतो.

भाडेकरूंसह घ्यायचं आणि भाडेकरूंना ठेवायचं, असं आधीच ठरवून झालेली मुंबईतली सर्वांत मोठी खरेदी भेंडीबाजारात झाली. दाऊदी बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टनं २००९मध्ये हा प्रकल्प हाती घेतला: साडेसोळा एकर, सुमारे अडीचशे इमारती, ३,२०० कुटुंबं, १,२५० दुकानं. ट्रस्टनं मालकांकडून एकेक इमारत विकत घेत नेली आणि आतल्या भाडेकरूंना किमान ३५० चौरस फुटांची मालकीची घरं देऊ केली. माणसं आधी संक्रमण घरांत, मग नव्या मनोऱ्यांत. कागदावर इतकी सोपी वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात किती अवघड, ते ३१ ऑगस्ट २०१७ रोजी दिसलं. त्याच प्रकल्पातली शंभरी ओलांडलेली हुसैनी इमारत सकाळी कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली. काही कुटुंबं तिथून आधीच हलली होती. काही राहिली होती. भाडेकरू ठेवायचा म्हणजे त्याला आधी बाहेर काढायचा, आणि 'परत आणू' या शब्दावर त्याचा विश्वास बसायला हवा. शहरात संक्रमण शिबिरांत म्हातारी झालेली माणसं आहेत. विश्वास बसत नाही यात त्यांच्या चाळीतल्या शेजाऱ्यांची चूक कशी म्हणावी?

मालकांचीही एक जखम आहे, ती नोंदवली पाहिजे. १९८६ साली म्हाडा कायद्यात नवं प्रकरण घालण्यात आलं. भाडेकरूंपैकी सत्तर टक्क्यांनी सहकारी संस्था करून मागणी केली तर उपकरप्राप्त इमारत सरकारनं संपादन करून त्यांना द्यावी, आणि मालकाला भरपाई मासिक भाड्याच्या शंभरपट. वरच्या वहीतली चाळ घेतली तर महिना पाच हजार गुणिले शंभर, म्हणजे पाच लाख. तीन कोटींची इमारत पाच लाखांत. मालकांची संघटना न्यायालयात गेली. त्या खटल्यातून निघालेला घटनात्मक प्रश्न चढत चढत नऊ न्यायाधीशांपुढं पोचला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्यांतल्या सात जणांनी म्हटलं, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही. देशभर या निकालाची चर्चा झाली ती संपत्तीच्या वाटपावरून. त्याचं मूळ मुंबईतल्या गळक्या चाळींच्या पावतीपुस्तकात आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात आलं.

मराठी माणसाच्या मनात या साऱ्यामागं आणखी एक भीती खोल बसली आहे, ती कुळाची. १ एप्रिल १९५७ला कूळकायद्यानं कसणारे जमिनीचे मालक मानले गेले, आणि 'कूळ लागलं' हा वाक्प्रचार कोकणात-देशावर घराघरांत शिरला. न्यायाच्या दृष्टीनं ते उशिरा आलेलं शहाणपण होतं. पण जमीन गेलेल्या घरांत पुढच्या पिढ्यांना शिकवण मिळाली, की आपली जागा दुसऱ्याच्या हाती देऊ नये. गोव्यात याचंच भावंड आहे. तिथं माडाच्या भाटात घर घेणाऱ्या मुंबई-दिल्लीच्या हौशी मंडळींना कोपऱ्यातलं कौलारू घर 'राखणदाराचं' वाटतं. ते मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्याचं असतं. १९७५च्या कायद्यानं मुंडकाराला घरातून काढण्यापासून संरक्षण दिलं, शिवाय ते घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. भाटकार बदलला म्हणून मुंडकार बदलत नाही.

याच भीतीपोटी शहरी मराठी कुटुंबांनी दुसरा फ्लॅट घेतला की तो वर्षानुवर्षं कुलपात ठेवला. त्यालाही एक तारीख आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचे लिव्ह अँड लायसन्स करार चालू होते, ते सगळे कायद्यातल्या दुरुस्तीनं एका रात्रीत भाडेकरू झाले. अकरा महिन्यांसाठी आलेला माणूस जन्माचा झाला. आज परिस्थिती वेगळी आहे. १९९९च्या कायद्यात करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे. मुदत संपल्यावर लायसन्सधारक हलला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं आणि दुप्पट रक्कम वसूल करता येते. तरीही काका-मामा भाच्याला सांगतात, "भाड्यानं देऊ नकोस रे, घुसून बसतील." पन्नास वर्षं झाली, १९७३ अजून दिवाणखान्यातच बसला आहे.

अशा फ्लॅटची विक्री झाली तर नव्या मालकाला मात्र खरोखर निवड असते. भाडेपट्टा घराला चिकटून येतो; लायसन्स येत नाही. १८८२च्याच सुविधाधिकार कायद्यात म्हटलं आहे, की परवान्यानं दिलेली जागा विकली तर घेणाऱ्यावर तो परवाना बंधनकारक नाही. राहणाऱ्याची मुदत अर्धीच झाली असेल तर त्यानं भरपाई मागायची ती जुन्या मालकाकडं. व्यवहारात समंजस लोक तिघांत बसून मिटवतात: डिपॉझिट किमतीतून वळतं करायचं, नवा करार नोंदवायचा, नाहीतर महिना-दोन महिन्यांची मुदत देऊन रिकामा ताबा घ्यायचा आणि तोवर किमतीतली काही रक्कम हातात ठेवायची. स्वतः राहायला घेतलेल्या घराच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा ज्यांनी सोडून दिला, त्यांनी वास्तुशांतीची तारीख पुढं ढकललेली पाहिली आहे.

गुंतवणुकीसाठी घेतलेल्या फ्लॅटचा हिशेब एका चिठ्ठीवर मावतो. आतलं कुटुंब चाळीस हजार देतं, दलाल म्हणतो बाजारभाव त्रेचाळीस आहे, यांना काढा. काढलं, रंगरंगोटी करून नवा माणूस मिळेपर्यंत दोन महिने गेले, दलालीचा एक महिना: एक लाख वीस हजार. जादा तीन हजारांनी ते भरून निघायला चाळीस महिने लागतात. तेवढ्यात नवं कुटुंबही निघून गेलेलं असतं. मुलांची शाळा बदलायला नको म्हणून वेळेवर पैसे भरणारं आणि गळक्या नळाची तक्रार स्वतःच प्लंबर बोलावून मिटवणारं कुटुंब आयतं आत बसलेलं असताना, तीन हजारांसाठी त्याला हलवणं ही हौसच म्हणायची. उलट मागचे सहा महिने पैसे उशिरा येत असतील, तर विकणारा ते सांगणार नाही. बँकेचा खाते-उतारा मागितला तर आपोआप सांगेल.

चाळीच्या खरेदीदाराला अशी चिठ्ठी मिळत नाही. त्याला मिळतं जुन्या मालकाचं पावतीपुस्तक, कडेला वाळवी लागलेलं, आणि पहिली तारीख. तो पहिल्या मजल्यावर जातो. दार उघडणारा माणूस पंचेचाळिशीचा, हातात भाड्याच्या नोटांची घडी. पुस्तकात मात्र नाव त्याच्या आजोबांचं, आणि आजोबांना जाऊन पस्तीस वर्षं झालेली. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला हक्क जातो, हे दोघांनाही ठाऊक आहे. जुन्या मालकानं इतकी वर्षं मुद्दाम मेलेल्या माणसाच्याच नावानं पावती फाडली, कारण नातवाचं नाव लिहिलं की नातू भाडेकरू आहे हे मान्य केल्यासारखं होतं. "साहेब, यंदा तरी पावती माझ्या नावावर करा," नातू म्हणतो. घरातून कुणीतरी चहा टाकल्याचं सांगतं. नवा मालक कार्बन सरळ करतो, पेनाचं टोपण काढतो, आणि 'श्री.' लिहून क्षणभर थांबतो.